सुसाट दिवस, दांडगी रात्र

अपोटोस हे गाव नकाशावर सापडणार नाही, पण ग्रीसमधल्या मिकोनोस बेटाचे फोटो ज्यानं पाहिलेत त्याला ते बघताक्षणी ओळखीचं वाटतं. चुना दिलेली पांढरी घरं, निळी दारं, टेकडीवर पवनचक्क्या, खाली समुद्र. सकाळच्या उन्हात या गावातून एक निळा प्राणी धावत सुटतो. खेळणाऱ्यानं एक बटण दाबून धरलं की त्याच्याभोवती निळ्या प्रकाशाचं कवच चढतं, आडवे येणारे यंत्रमानव धडकेसरशी उडून जातात, गल्ल्या, जिने, कठडे भराभर मागे पडतात. हात बसलेला खेळाडू तीन-चार मिनिटांत टप्प्याच्या शेवटी पोचलेला असतो.

सूर्य मावळला की त्याच गावात त्याच प्राण्याचं रूप पालटतं. अंगभर दाट केस येतात, सुळे बाहेर डोकावतात, हात अंगापेक्षा मोठे होतात आणि लांबच लांब ताणले जातात. आता तो सुसाट धावत नाही. चौकाचौकात अडवणाऱ्या काळ्या-जांभळ्या भुतावळीला तो ठोसे लगावतो, उचलून आपटतो, मग खांबांना लोंबकळत, अरुंद तुळयांवर तोल सांभाळत पुढच्या चौकात पोचतो. तिथे पुन्हा ठोसे. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, नवख्याला त्याहून जास्त.

दोन्ही रूपं एकाचीच, सोनिक द हेजहॉगची. आणि हे दिवस-रात्रीचं चक्र ज्यात फिरतं तो गेम म्हणजे ‘सोनिक अनलीश्ड’. सेगा या जपानी कंपनीनं नोव्हेंबर २००८ मध्ये तो अमेरिकेच्या बाजारात उतरवला. जपानमध्ये त्याचं नाव ‘सोनिक वर्ल्ड अॅडव्हेंचर’. दिवसाच्या सोनिकवर जीव टाकणारे आणि रात्रीच्या सोनिकचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारे असे दोन तट तेव्हाच पडले. इतकी वर्षं झाली तरी ते मोडलेले नाहीत, फक्त माणसं इकडची तिकडे झाली आहेत. वरवर हा आवडीनिवडीचा वाद दिसतो. पण गेम उघडून नीट पाहिला तर त्याच्या बुडाशी एक रोखठोक हिशेब सापडतो: गेम करणाऱ्याला वेग किती महाग पडतो, आणि ते पैसे कुठून वसूल करायचे.

वेगाच्या नावावर चाललेलं दुकान

सोनिकचा जन्म जून १९९१ चा. प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या मारिओसमोर उभा राहील असा एक चेहरा सेगाला हवा होता. प्रोग्रॅमर युजी नाका, चित्रकार नाओतो ओशिमा आणि टप्प्यांची रचना करणारे हिरोकाझू यासुहारा या तिघांच्या हातून हा निळा हेजहॉग घडला. पात्राला कट्ट्याकट्ट्यांवरून उड्या मारत, खड्डे आणि शत्रू चुकवत पुढे न्यायचं, अशा गेमना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. मारिओ हा त्यांचा राजा. सोनिकनं या प्रकारात वेग आणला. उतार लागला की तो अंगाचा चेंडू करून गडगडायचा, वेग पकडायचा आणि त्याच जोरावर समोरचा उभा वळसा चढून जायचा.

हे सगळं सपाट पडद्यावर, बाजूनं दिसणाऱ्या चित्रात चालायचं. पुढे गेम त्रिमितीत गेले आणि सोनिकची पंचाईत झाली. बाजूनं पाहताना पुढचा रस्ता दिसतो. पाठीमागून पाहताना भिंत कधी आली आणि कधी आदळलो ते कळत नाही. शिवाय मोकळ्या त्रिमितीत एवढ्या वेगानं वळायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.

सेगानं यावर एक तोडगा काढला आणि तो वर्षानुवर्षं वापरला. सोनिकचे टप्पे मोजके ठेवायचे आणि त्यांच्या जोडीला दुसरं काहीतरी द्यायचं. १९९८ मध्ये जपानमध्ये सेगाच्याच ड्रीमकास्ट या कन्सोलवर आलेल्या ‘सोनिक अॅडव्हेंचर’मध्ये खेळायला सहा पात्रं होती, आणि त्यातलं ‘बिग’ नावाचं जाडजूड मांजर चक्क गळ टाकून मासे पकडायचं. २००१ च्या दुसऱ्या भागात यंत्रात बसून गोळीबार आणि जमिनीत पुरलेल्या तुकड्यांचा शोध अशी जोडकामं आली. २००५ मध्ये शॅडो या काळ्या हेजहॉगच्या हाती बंदूकच दिली गेली. दर वेळी प्रतिक्रिया साधारण तीच: धावणं छान, बाकीचं कशाला?

मग आलं २००६. मालिकेच्या पंधराव्या वाढदिवसानिमित्त नुसतं ‘सोनिक द हेजहॉग’ एवढंच नाव असलेला गेम नाताळच्या हंगामात घाईघाईनं बाजारात आणला गेला. काम चालू असतानाच युजी नाका सेगातून बाहेर पडले होते, आणि चमूतले काही लोक निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलसाठीच्या वेगळ्या सोनिक गेमकडे वळवले गेले होते. परिणाम सगळ्यांसमोर आला. पात्र जमिनीतून आरपार पडायचं, कॅमेरा भलतीकडेच बघायचा, आणि एका छोट्या संवादासाठी खेळणाऱ्याला ‘लोडिंग’च्या पाटीकडे ताटकळत बसावं लागायचं. सोनिकच्या नावाला इतका मोठा बट्टा आधी कधी लागला नव्हता. ‘अनलीश्ड’ला तो पुसायचा होता.

भिंतीवर सांडलेला उजेड

या कामाची धुरा दिग्दर्शक योशिहिसा हाशिमोतो यांच्याकडे होती. त्यांच्या चमूनं सर्वांत आधी हत्यारं बदलली. गेमचं जग पडद्यावर उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरला इंजिन म्हणतात. सेगानं खास या गेमसाठी ‘हेजहॉग इंजिन’ बांधलं. त्याचा सगळा भर उजेडावर होता.

खऱ्या जगात उजेड एका जागी पडून थांबत नाही. लाल फरशीवर ऊन पडलं की शेजारच्या पांढऱ्या भिंतीला तांबूस झाक येते. हा परावर्तित उजेड गणितानं काढायला प्रचंड वेळ लागतो, आणि २००८ च्या कन्सोलना ते खेळ चालू असताना झेपणारं नव्हतं. म्हणून हेजहॉग इंजिननं तो हिशेब आधीच संगणकांवर करून घेतला आणि तयार उजेड प्रत्येक टप्प्याच्या पृष्ठभागांवर जणू छापून टाकला. अपोटोसच्या गल्लीत सावलीतली भिंतसुद्धा काळीठिक्कर दिसत नाही. समोरच्या उन्हाचा ओझरता उजेड तिच्यावर असतो. सोनिक सावलीत शिरला की त्याच्या निळ्या अंगावरचा रंगही बदलतो. हाशिमोतो पुढे स्क्वेअर एनिक्स या दुसऱ्या बड्या जपानी कंपनीत तंत्रज्ञानाचे प्रमुख झाले, त्यात नवल वाटू नये.

या उजेडात सेगानं अख्खी पृथ्वी मांडली. इटलीतल्या जुन्या शहरांची आठवण करून देणारं स्पागोनिया, चीनच्या भिंतीची छाया असलेलं चुन-नान, न्यूयॉर्कच्या धर्तीवरचं एम्पायर सिटी, आफ्रिकेतल्या मातीच्या बांधकामांवरून सुचलेलं माझुरी, पेट्रासारख्या दगडी वास्तूंचं शमार, अंगकोरच्या मंदिरांची सय देणारं अदाबात, बर्फात गोठलेलं होलोस्का. प्रत्येक ठिकाणी गावकरी भेटतात, गप्पा मारतात, आणि रात्री तेच गावकरी वेगळं वागतात.

गोष्टही या पृथ्वीभोवतीच फिरते. खलनायक डॉक्टर एगमन अंतराळात सोनिकला सापळ्यात पकडतो, त्याच्याजवळच्या जादुई पाचूंची शक्ती शोषून घेतो आणि तिचा झोत ग्रहावर सोडतो. ग्रहाचे तुकडे होतात, आत झोपलेला ‘डार्क गाया’ नावाचा राक्षस जागा होतो, आणि त्या शक्तीच्या संसर्गानं सोनिकला रात्रीचं रूप चिकटतं. खाली पडताना त्याची गाठ एका छोट्या उडत्या प्राण्याशी पडते. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. आपण अंगावर पडल्यामुळेच त्याची स्मृती गेली असं सोनिकला वाटतं आणि तो त्याला सोबत घेतो. चॉकलेट चिप आइस्क्रीमवर हा प्राणी असा काही तुटून पडतो की त्याचं नाव ‘चिप’ पडतं. मग देशोदेशीच्या मंदिरांत जाऊन पाचूंना शक्ती परत द्यायची आणि ग्रहाचे तुकडे जागेवर बसवायचे, असा हा प्रवास.

दिवसाच्या टप्प्यांची गुरुकिल्ली म्हणजे ‘बूस्ट’, निळ्या प्रकाशाचं कवच चढवणारं ते बटण. ही कल्पना मूळची २००५ च्या ‘सोनिक रश’ची. डिम्प्स या कंपनीच्या मदतीनं निन्टेन्डो डीएसवर आलेला तो गेम सपाट चित्रातलाच होता. ‘अनलीश्ड’नं बूस्ट त्रिमितीत आणला आणि जुन्या अडचणीवर दोन सरळ उपाय काढले. एक, रस्ता अरुंद आणि आखीव ठेवायचा, आणि वळण्याऐवजी डावी-उजवीकडे झटक्यात सरकण्यासाठी स्वतंत्र बटणं द्यायची. दोन, जिथे उड्यांची अचूकता लागते तिथे कॅमेरा आपोआप बाजूला नेऊन चित्र जुन्या सोनिकसारखं सपाट करायचं. त्यामुळे खेळणारा एका क्षणी पाठीमागून सोनिकचा पाठलाग करत असतो आणि दुसऱ्या क्षणी १९९१ सालात गेलेला असतो.

स्पागोनियातला ‘रूफटॉप रन’ हा टप्पा याचा नमुना. कौलारू छपरांवरून सुरू होणारी धाव दगडी रस्त्यावर उतरते, वाटेत खुर्च्या-टेबलं आणि पिंपं उधळते, पुन्हा छपरांवर चढते आणि शेवटाकडे घड्याळाच्या मनोऱ्याच्या उभ्या भिंतीवरून सरळ वर जाते. डोळे पुढचा अडथळा ओळखतात तोवर बोटानं हालचाल केलेली असावी लागते. पहिल्या खेपेला माणूस धडपडतो. दहाव्या खेपेला टप्पा पाठ झालेला असतो आणि कुठेही न थांबता पार होतो. खरी मजा तिथेच सुरू होते.

रात्रपाळी

मार्च २००८ मध्ये गेमची पहिली चित्रं बाहेर फुटली तेव्हा चाहते हरखले. ऊन, वेग, जुन्या सोनिकची सपाट चौकट, सगळं मनासारखं. पुढे सेगानं दुसरं रूप दाखवलं आणि सूर बदलला. पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो ही युरोपातली जुनी दंतकथा. तिच्यावरून ‘वेअरवूल्फ’ आणि त्यावर बेतलेला हा ‘वेअरहॉग’. त्याच्या प्रसिद्धीसाठी सेगानं ‘नाइट ऑफ द वेअरहॉग’ नावाचा एक छोटा अॅनिमेशनपटही काढला.

वेअरहॉगचा खेळ मारामारीचा आहे. २००५ मध्ये गाजलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’शी त्याची तुलना तेव्हापासून होत आली आहे. शत्रूंचा घोळका येतो, दोन बटणांच्या वेगवेगळ्या जोड्यांनी ठोशांच्या मालिका लावायच्या, बेजार झालेल्या शत्रूला धरून पडद्यावर उमटणारी बटणं वेळेत दाबली की तो एका फटक्यात संपतो. मिळालेल्या गुणांतून ताकद, आयुष्य, ढाल वाढवायची आणि नवे डाव शिकायचे. मधल्या वेळात तरफा ओढणं, पेट्या ढकलणं, उंच कड्यांना हातानं लटकणं.

यातलं एकेक काम सुटं पाहिलं तर वाईट नाही. लांबणाऱ्या हातांनी दूरचा खांब पकडून झोका घ्यायला मजा येते, आणि चांगले डाव हाती आले की शत्रूंची दाणादाण उडवता येते. अडचण जोडणीची आहे. सकाळी ट्वेन्टी-ट्वेन्टी बघायला आलेल्या प्रेक्षकाला त्याच तिकिटावर संध्याकाळी कसोटीचा चौथा दिवस बघायला बसवावं, तसा हा प्रकार. कसोटी वाईट नसते, पण तो आला होता षटकारांसाठी.

त्यात मोजमाप उलटं पडलं. दिवसाचा टप्पा चार मिनिटांत संपायचा आणि रात्रीचा त्याच्या चौपट-पाचपट चालायचा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोकांनी गेम विकत घेतला तिच्यात त्यांचा वेळ सर्वांत कमी जायचा. भरीला पदकं. पुढचे टप्पे उघडायला ठरावीक सूर्यपदकं आणि चंद्रपदकं लागायची, आणि ती कमी पडली की जुन्या ठिकाणी परत जाऊन कोपरे धुंडाळावे लागायचे. गोष्ट रंगात आली असताना ‘आधी पदकं आणा’ म्हणून दार बंद होणं अनेकांना झोंबलं.

आणि एक बारकी वाटणारी, पण अजूनही तक्रारींत पहिल्या ओळीत असलेली गोष्ट: संगीत. तोमोया ओतानी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं या गेमचं संगीत मालिकेतल्या उत्तम कामांत गणलं जातं. प्रत्येक देशाला आपली धून आहे, आणि तीही दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. पण रात्री शत्रू दिसला रे दिसला की गावाची शांत धून मध्येच तुटते आणि जॅझच्या ढंगाचं एक ठरलेलं झगडा-संगीत सुरू होतं. शत्रू संपले की पुन्हा शांत धून, दहा पावलांवर पुन्हा शत्रू, पुन्हा तेच पितळी वाद्यांचं ठणठण. एकाच टप्प्यात हे इतक्या वेळा घडतं की झोपेतही ते कानात वाजावं.

सर्वांत शेवटी एगमनलँड. डॉक्टर एगमनच्या या कारखाना-नगरीत दिवस आणि रात्र एकत्र केले आहेत. मध्येच सोनिक, मध्येच वेअरहॉग, पुन्हा सोनिक. पहिल्यांदा खेळणाऱ्याचा तासभर इथे सहज जातो. मालिकेतला सर्वांत कठीण टप्पा म्हणून काही जण त्याला शिव्या घालतात आणि त्याच कारणासाठी काही जण त्याला डोक्यावर घेतात.

वेगाचा खर्च

मग सेगानं सगळा गेम दिवसाचाच का केला नाही? चाहत्यांचा हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तसाच आहे, आणि त्याचं उत्तर बूस्टच्या बटणातच दडलेलं आहे.

चालणाऱ्या पात्रासाठी एक चौक बांधला तर खेळणारा त्यात पाच मिनिटं रमतो. तोच चौक सोनिक डोळ्याचं पातं लवेपर्यंत मागे टाकतो. त्याला चार मिनिटं धावतं ठेवायचं तर चित्रकारांना मैलोगणती रस्ते, घरं, पूल, डोंगर बांधावे लागतात. तेही झरकन दिसणार म्हणून कसेबसे नाहीत, कारण खेळणारा कुठेही थांबू शकतो. वर त्या सगळ्यावर उजेडाचा हिशेब करायचा. प्रत्येक अडथळा दुरून दिसेल, वेळेत टाळता येईल, चुकलं तर खालच्या वाटेनं जाता येईल, अशी आखणी करून ती पुन्हा पुन्हा तपासायची. इतक्या मेहनतीचा माल खेळणारा चार मिनिटांत फस्त करतो.

उलट वेअरहॉग सावकाश चालतो. एका अंगणाचे दरवाजे बंद करून शत्रूंच्या तीन लाटा सोडल्या की पाच मिनिटं निघतात. तेच शत्रू, तेच खांब, त्याच पेट्या वेगवेगळ्या देशांत थोड्या बदलून वापरता येतात. पूर्ण किमतीला विकल्या जाणाऱ्या गेमकडून लोक तेव्हा दहा-पंधरा तासांची अपेक्षा ठेवत. दिवसाच्या टप्प्यांनी ती पुरी होणं शक्य नव्हतं. रात्रीनं तास भरून दिले. मासे पकडणाऱ्या मांजरानं १९९८ मध्ये जे काम केलं होतं तेच दहा वर्षांनी वेअरहॉगनं केलं, फक्त या वेळी त्याचा वाटा अर्ध्याहून मोठा झाला.

याच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत हे आणखी स्पष्ट दिसतं. निन्टेन्डो ‘वी’ आणि प्लेस्टेशन २ ही यंत्रं हेजहॉग इंजिनचा भार पेलणारी नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी डिम्प्सच्या मदतीनं वेगळी आवृत्ती केली गेली. तिच्यात एम्पायर सिटी नाही, गावांतून मोकळं हिंडणं नाही, आणि रात्रीचा वाटा आणखी मोठा. पण रात्रीच्या लांबलचक टप्प्यांचे छोटे तुकडे केले होते, आणि ‘वी’वर दोन्ही हातांतले कंट्रोलर हवेत हाणून ठोसे मारता यायचे.

समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर या दिसायला साध्या ‘वी’ आवृत्तीला १०० पैकी ६६ गुण आहेत. एक्सबॉक्स ३६० च्या देखण्या आवृत्तीला ६० आणि प्लेस्टेशन ३ ला ५४. तुकडे लहान केल्यावर रात्र सुसह्य होते, असा याचा अर्थ काढता येतो. बहुतेक समीक्षांचा आराखडा एकसारखा होता: दिवसाच्या टप्प्यांचं कौतुक, मग ‘पण’, आणि त्या ‘पण’नंतर सगळी रात्र.

गिऱ्हाइकांनी मात्र समीक्षकांकडे फारसं लक्ष दिलं नाही. सेगाच्या आकड्यांनुसार मार्च २००९ पर्यंत सगळ्या यंत्रांवर मिळून सुमारे २४.५ लाख प्रती खपल्या. त्या प्रती ज्या घरांत गेल्या त्या घरांतल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांना ‘गॉड ऑफ वॉर’ खेळायची परवानगी नव्हती, आणि मासे पकडणाऱ्या मांजराचा वादही त्यांच्या कानावर आलेला नव्हता. त्यांच्यासाठी हा पहिलावहिला सोनिक असेल तर राक्षसी हातांचा सोनिक हाही सोनिकच होता.

फाळणीनंतर

सेगानं पुढे काय केलं ते पाहिलं तर कंपनीनं कोणत्या अर्ध्याला मत दिलं ते कळतं. २०१० च्या ‘सोनिक कलर्स’मध्ये वेअरहॉग नव्हता आणि बूस्ट होता. २०११ मध्ये विसाव्या वाढदिवसाला आलेल्या ‘सोनिक जनरेशन्स’मध्ये मालिकेतल्या गाजलेल्या जागा नव्यानं बांधल्या गेल्या, ‘अनलीश्ड’मधून निवड झाली ‘रूफटॉप रन’ची. २०१७ च्या ‘सोनिक फोर्सेस’मध्येही तोच बूस्ट. दिवसाचा अर्धा भाग मालिकेचा पाया ठरला.

वेअरहॉगला गोष्टीतूनच निरोप मिळाला होता. शेवटी डार्क गायाची शक्ती सोनिकच्या अंगातून निघून जाते. चिप म्हणजे प्रत्यक्षात त्या राक्षसाचा प्रकाशाचा जोडीदार, ‘लाइट गाया’. तो ग्रहाच्या पोटात परत जातो आणि मागे फक्त त्याचं कडं उरतं. मुख्य मालिकेत वेअरहॉग पुन्हा खेळायला मिळालेला नाही.

पण वेगाचा खर्च काही कमी झाला नव्हता. ‘कलर्स’ आणि ‘जनरेशन्स’ हे आटोपशीर गेम होते. ‘फोर्सेस’चे टप्पे तर इतके आखूड होते की सुरू होतात न होतात तोच संपतात, अशी ओरड झाली. २०२२ च्या ‘सोनिक फ्रंटियर्स’मध्ये सेगानं मोठी मोकळी बेटं आणली, आणि ती भरायला काय वापरलं? मारामारी. शत्रूंना घेरायचं, फटक्यांच्या मालिका लावायच्या, गुण जमवून नवे डाव उघडायचे. फरक एवढाच की हे सगळं निळ्या, सडपातळ, पळत्या सोनिकनंच करायचं. त्यासाठी रूप बदलायची किंवा वेग सोडायची गरज नाही. २००८ मध्ये दोन पात्रांत वाटलेलं काम चौदा वर्षांनी एकाच पात्राच्या हाती आलं, आणि ‘फ्रंटियर्स’ चांगला खपला.

तिकडे दिवसाच्या अर्ध्यावरही सगळ्यांचं एकमत आहे असं नाही. १९९१ च्या सोनिकवर वाढलेल्यांपैकी बरेच जण म्हणतात की जुन्या गेममध्ये वेग कमवावा लागायचा. उतार हेरून, योग्य क्षणी गोळा होऊन. इथे बटण दाबलं की वेग फुकट. त्यांच्या लेखी ‘अनलीश्ड’चा दिवस म्हणजे देखणा पण रुळांवरून धावणारा प्रवास. बूस्टचे कैवारी उत्तर देतात की रूळ आहेत हे खरं, पण त्यांवरून एकही ठोकर न खाता सर्वोच्च श्रेणी मिळवून दाखवा, मग बोलू.

चाहत्यांनी चालवलेली डागडुजी

या वादाचा आलेख सर्वांत चांगला दिसतो तो चाहत्यांनी स्वतः केलेल्या कामात. ‘अनलीश्ड’ पीसीवर अधिकृतपणे आलाच नव्हता. ‘जनरेशन्स’ मात्र होता, आणि त्याचं इंजिनही हेजहॉगच. २०१३ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांच्या एका गटानं ‘अनलीश्ड’चे टप्पे ‘जनरेशन्स’मध्ये बसवून दाखवले. त्यांनी उचलले ते फक्त दिवसाचे. सेगाला जी फाळणी करता आली नाही ती चाहत्यांनी करून टाकली, आणि तेव्हा बहुतेकांनी ‘हाच खरा अनलीश्ड’ म्हणून तिचं स्वागत केलं.

त्यानंतर बारा वर्षांत पुष्कळ पाणी वाहून गेलं. २०१८ मध्ये जुना गेम एक्सबॉक्स वनवर चालू लागला, आणि २०२१ मध्ये नव्या एक्सबॉक्सवर सेकंदाला तीसऐवजी साठ चित्रांच्या गतीनं. २००८ मध्ये अडखळत चालणारी रात्र आता गुळगुळीत झाली, ठोशांची पकड सुधारली. दरम्यान २००८ मधली ती पोरं मोठी होऊन स्वतः गेमबद्दल बोलू-लिहू लागली होती. त्यांच्या बोलण्यात वेअरहॉग म्हणजे घोडचूक नव्हती. सेगा मोठ्या उडीला घाबरत नव्हती त्या दिवसांची ती खूण होती. ‘फोर्सेस’च्या तुटपुंज्या टप्प्यांनी त्यांच्या या मताला आणखी धार चढवली.

मार्च २०२५ मध्ये ‘अनलीश्ड रिकम्पाइल्ड’ आलं. एक्सबॉक्स ३६० च्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना पीसीच्या प्रोसेसरला कळतील अशा भाषेत आधीच उतरवून घेण्याचं हे तंत्र. त्यामुळे अख्खा गेम आज पीसीवर एखाद्या मूळच्या पीसी गेमसारखा चालतो. हेही काम सेगाचं नाही, चाहत्यांचं. गेमच्या फाइल त्यात दिलेल्या नसतात. आपल्याकडच्या एक्सबॉक्स ३६० च्या प्रतीतून त्या स्वतः काढून घ्याव्या लागतात. या वेळी कुणी काही वगळलं नाही. अपोटोसपासून एगमनलँडपर्यंत सगळे दिवस आणि सगळ्या रात्री जशाच्या तशा आल्या. २०१३ ची फाळणी आणि २०२५ चा अखंड गेम, या दोन कामांच्या मध्ये चाहत्यांचं मन किती सरकलं ते मोजायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही.

एक सवलत मात्र त्यांनी ठेवली आहे. सेटिंग्जच्या यादीत आवाजाच्या भागात ‘बॅटल थीम’ असा एक पर्याय आहे. तो बंद केला की रात्री शत्रू कितीही येवोत, गावाची धून तुटत नाही. सेगाच्या मूळ गेममध्ये हे बटण नव्हतं.